काजूबोंडाचे मद्य : परिभाषा आणि परंपरा

मार्च ते मे या काळात रत्नागिरी जिल्ह्यातील काजूबागांत बी काढून घेतल्यावर उरलेले बोंडू बहुतांशी झाडाखालीच कुजतात. सिंधुदुर्ग ओलांडून गोव्यात गेले की याच फळाच्या रसाचे मद्य होते आणि त्याच्या प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र नाव असते.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणला. 'काजू' हा शब्दही मूळचा तेथील तुपी भाषेतला. मद्याची परिभाषा मात्र संमिश्र आहे. बोंडू तुडवून उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवले असता ठिबकतो तो 'नीरो'. आंबलेला रस भाणात तापवून पहिल्या ऊर्ध्वपातनाने मिळते ते 'हुर्राक'. ते सौम्य असते, फार काळ टिकत नाही. म्हणून मोसमातच संपते. हुर्राकात रस मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन केले की 'फेणी' होते. फेसाळण्यावरून, म्हणजे 'फेन' या संस्कृत शब्दावरून, हे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. तीव्रतेचे 'ग्राव' हे माप मात्र पोर्तुगीज आहे.

महाराष्ट्रात १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने विनापरवाना गाळप गुन्हा ठरविले. परिणामी गूळ, मोह, काजू असा भेद न राहता सारे काही 'हातभट्टी' या एकाच शब्दात जमा झाले. बंदीने दारू संपली नाही. तिचे बारकावे सांगणारे शब्द तेवढे चारचौघांतून उठले.

स्वित्झर्लंडमधील अ‍ॅब्सिंथची कथा याहून वेगळी नाही. दवण्याच्या कुळातील एका कडू वनस्पतीपासून होणाऱ्या या मद्यावर तेथे १९१० ते २००५ पर्यंत बंदी होती. चोरून गाळलेल्या रंगहीन अ‍ॅब्सिंथला लोक 'ला ब्लू', म्हणजे 'निळी', म्हणू लागले. बंदी उठल्यावर नावांच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये 'अ‍ॅब्सिंथ' हे सामान्यनाम असल्याचा निर्णय झाला.

गोव्याच्या काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले. पुढे एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडे व मोहाफुलांच्या मद्यास 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात घेण्याचा निर्णय केला. कोकणच्या कातळावर पिकलेल्या फळाचे मद्य कागदोपत्री विदेशी ठरावे, ही वर्गीकरणाची गंमतच. रत्नागिरीत ते रीतसर तयार झाले, तरी बाटलीवर 'फेणी' हे नाव छापता येणार नाही.