मालवाहू गाडीतला माणूस कायद्याला दिसत का नाही?

सातपुड्यात २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे दोन मोठे अपघात झाले. पहिला १८ ऑक्टोबरला, चांदशैली घाटात. अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप उलटली, आठ जण गेले आणि वीसहून अधिक जखमी झाले. दुसरा ९ नोव्हेंबरला, अक्कलकुवा-मोलगी रस्त्यावरच्या देवगोई घाटात. सुट्टी संपवून आश्रमशाळेकडे निघालेल्या मुलांची बस दरीत कोसळली. दोन्ही घाट एकाच डोंगररांगेतले, दोन्ही गाड्यांतली बहुसंख्य माणसे एकाच समाजाची आणि दोन्हीकडचा आकांतही सारखाच. बातम्या दोन दिवस चालल्या, पुढारी भेटून गेले, मदतीच्या घोषणा झाल्या. त्यानंतर काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही. ते आज आम्ही विचारणार आहोत.

या दोन गाड्यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. बस हे प्रवासी वाहन आहे. तिच्या विम्यात प्रवासी धरलेले असतात, त्यांच्यासाठी विमा कंपनी हप्ता घेते आणि अपघात झाला की भरपाईची जबाबदारी तिच्यावर येते. पिकअप हे मालवाहू वाहन आहे. तिच्या कागदावर आंबे, पपई, सिमेंट, बकऱ्या यांना जागा आहे, माणसाला नाही. तिच्यात बसलेला माणूस अपघातात सापडला की कंपनीचा वकील उभा राहतो आणि सांगतो, हा 'अनधिकृत प्रवासी', याची जबाबदारी आमची नाही. पाय तुटला तर दोघांचाही सारखाच तुटतो, पण एकाच्या पायाची किंमत विमा कंपनी देते आणि दुसऱ्याला मालकाच्या दारात उभे केले जाते.

ही गाडी कोणी निवडली?

शहरातला सुशिक्षित माणूस सहज विचारतो, हे लोक मालाच्या गाडीत बसतातच कशाला? ज्यांनी मोलगीचा बाजार पाहिला आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. डोंगरातल्या पाड्यांवरून आमचूर, मोहफुले, भगर घेऊन माणसे मोलगीला येतात. काठीच्या होळीला, भोंगऱ्या बाजाराला हजारोंनी माणूस लोटतो. एसटी मोजक्या ठिकाणी जाते, मोजक्या वेळी जाते. पाड्यापर्यंत जाते ती पिकअप, नाहीतर दाटीवाटीने भरलेली जीप. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात निघतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लहान लेकरे आणि म्हातारी माणसे एकाच ट्रकमध्ये भरली जातात. तो ट्रक मजूर ठरवत नाही, मुकादम ठरवतो. ज्याला निवडच नाही त्याच्यावर निवडीचा दोष ठेवणे हा जुना खेळ आहे. सार्वजनिक वाहतूक पुरवणे हे सरकारचे काम. ते न करता घाटात मेलेल्याला बेकायदा ठरवणे, याला आम्ही न्याय म्हणत नाही.

हे केवळ सातपुड्याचे दुखणे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, किनगावजवळ, पपईने भरलेला ट्रक उलटला आणि त्यावर बसलेले पंधरा मजूर फळांखाली दबून मेले. त्याच वर्षी २० ऑगस्टला बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर लोखंडी सळयांच्या टिप्परवर बसून चालले होते. टिप्पर उलटला, तेरा जण गेले. महामार्ग झाला, त्यावरून मोटारी धावू लागल्या. ज्यांच्या हातांनी तो झाला ते माणसे वाहण्याच्या गाडीत कधी बसलेच नव्हते.

न्यायालये काय म्हणाली?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४७ या वादाच्या मुळाशी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी, जो मालासोबत गाडीत असेल, त्याला संरक्षण दिले. इतरांना नाही. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू गाडीतल्या प्रवाशालाही विमा लागू होतो असे म्हटले होते. पण डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केले. फुकट किंवा भाडे देऊन मालगाडीत बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हा कायदा तेव्हापासून पक्का झाला.

मोलगीच्या बाजारात आमचुराचे पोते विकायला निघालेली बाई ही तर मालाची मालकीण. तिला संरक्षण मिळायला हवे. पण चोलेटी भारतम्मा खटल्यात २००७ साली न्यायालयाने म्हटले, मालाच्या मालकानेही केबिनमध्येच बसले पाहिजे, मागे मालावर बसला तर संरक्षण नाही. पिकअपच्या केबिनमध्ये जागा दोघा-तिघांची. पोती पंधरा जणांची. ती बाई बसणार कोठे?

तरीही दार पूर्ण बंद झालेले नाही, हे आपल्या माणसांनी लक्षात ठेवावे. २००४ च्या बलजीत कौर खटल्यात न्यायालयाने एक वाट काढली: विमा कंपनीने आधी जखमीला किंवा वारसांना पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत. २०१७ च्या मनुआरा खातून खटल्यात हीच वाट मालगाडीतल्या प्रवाशांसाठी पुन्हा मान्य झाली. पण हा आदेश आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. वकिलाने तो मागितला नाही तर निकाल फक्त मालकाविरुद्ध होतो. डोंगरातला पिकअपमालक हा बहुधा कर्ज काढून गाडी घेतलेला, आपल्यातलाच एखादा पोरगा असतो. गाडी भंगारात, हप्ते थकलेले. त्याच्याकडून वसूल काय होणार? निकालाचा कागद घरात राहतो आणि जखमी खाटेवर.

मजुराची बाब आणखी वेगळी आहे. गाडीवर माल भरण्या-उतरण्यासाठी मालकाने कामाला ठेवलेला हमाल हा 'प्रवासी' नव्हे, तो कामगार आहे, आणि कलम १४७ त्याची जबाबदारी विमा कंपनीवर टाकते. २०१९ च्या दुरुस्तीने 'त्रयस्थ पक्ष' या शब्दाच्या व्याख्येत चालक आणि वाहनावरचे सहकामगार यांचाही समावेश केला. म्हणून पहिल्या दिवशी पोलिसांच्या कागदात काय लिहिले जाते, याला फार महत्त्व आहे. 'मजूर कामावरून परत येत होते' आणि 'प्रवासी बसले होते' या दोन वाक्यांत लाखो रुपयांचा फरक पडतो. जबाब घेणाऱ्याला पावरी किंवा भिली येत नाही, देणाऱ्याला मराठी नीट येत नाही, आणि अंगठा कशाखाली उमटला हे दोन वर्षांनी कोर्टात कळते.

भीक किती आणि हक्क किती?

अपघातानंतर सरकार जाहीर करते ते सानुग्रह अनुदान. ते देणाऱ्याच्या मर्जीवर असते. भरपाई हा हक्क आहे आणि तिचा हिशेब ठरलेला आहे. आम्ही एक उदाहरण मांडून दाखवतो.

समजा, अठ्ठावीस वर्षांचा मजूर आहे आणि न्यायाधिकरणाने त्याचे उत्पन्न महिना १२ हजार रुपये धरले. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. प्रणय सेठी खटल्याच्या २०१७ च्या निकालानुसार चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २ लाख १ हजार ६००. सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालानुसार २६ ते ३० वयाला गुणक १७. गुणाकार ३४ लाख २७ हजार २००. पाय गेल्याने त्याची कमाईची ताकद ६० टक्के गेली असे ठरले, तर त्याचा हक्क २० लाख ५६ हजार ३२० रुपयांचा. उपचार, वेदना, बुडालेली मजुरी, कृत्रिम पाय यांचे पैसे याशिवाय.

आता गावात काय होते ते पहा. चार माणसे बसतात, मालक हात जोडतो, मुकादम मध्यस्थी करतो आणि काही हजारांवर कागद होतो. वीस लाखांचा हक्क आठ दिवसांच्या औषधपाण्यावर सुटतो.

जखमींसाठी आणखी एक निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. सुताराची किंवा चालकाची कमाई जवळपास पूर्ण बुडते. ऊसतोड मजुराला हेच लागू पडते. कोयता धरणारा हात गेला तर त्याचे शंभर टक्के गेले. घरात राबणाऱ्या बाईचे कामही बिनमोलाचे नाही, हे न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती खटल्यात पुन्हा स्पष्ट केले आहे. 'बाई काही कमवत नव्हती' असे कोणी म्हटले तर मान डोलावू नये.

सहा महिन्यांचे कुलूप

भरपाईच्या अर्जाला मुदत होती, ती १९९४ मध्ये काढून टाकली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करणे बंधनकारक झाले. ही मुदत कोणाला अडवते? शहरातल्या मोटारवाल्याला नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला मजूर नोव्हेंबरात जखमी होतो. हंगाम संपल्यावर, होळीला किंवा त्यानंतर, तो गावी पोचतो. तोपर्यंत मुदत संपत आलेली असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका प्रलंबित असेपर्यंत केवळ उशिराच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत. हा दिलासा आहे, पण अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

अपघात गुजरातेत झाला म्हणून तिकडेच खेटे घालावे लागतील, हा समजही खोटा आहे. कलम १६६ प्रमाणे अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. बारडोलीच्या रस्त्यावर जखमी झालेला मोलगीचा माणूस नंदुरबारला दावा लावू शकतो. धडक देऊन वाहन पळून गेले आणि ते सापडलेच नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. मे २०२५ मध्ये लागू झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तावर नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार होऊ शकतात. वकिलाचे म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मिळालेल्या भरपाईत टक्का मागणारा वकील त्याच्या व्यवसायाचा नियम मोडत असतो, हेही आपल्या लोकांना सांगायला हवे.

आमच्या मागण्या

पहिली: कलम १४७ दुरुस्त करून मालवाहू गाडीत असलेल्या प्रत्येक माणसाला विम्याचे संरक्षण द्या. नियम मोडल्याचा दंड मालकाला आणि चालकाला करा, जखमीला नको. गाडीत कोणत्या कारणाने माणूस बसला हे पाहून त्याच्या हाडांची किंमत ठरवू नका.

दुसरी: बाजाराच्या दिवशी, यात्रेला, होळीला आणि ऊसतोडीच्या स्थलांतराच्या वेळी डोंगरातल्या गावांसाठी एसटीच्या जादा गाड्या सोडा. मजूर नेण्याची आणि परत आणण्याची जबाबदारी साखर कारखान्यावर ठेवा, मुकादमावर ढकलू नका.

तिसरी: २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. मोलगी, धडगाव, अक्कलकुव्याच्या ठाण्यांतून किती अहवाल वेळेत गेले, हे जिल्हा प्रशासनाने जाहीर करावे. जबाब घेताना दुभाषा द्यावा.

चौथी: घाट उतरून अक्कलकुवा, पुढे तळोदा आणि मग नंदुरबार, असा प्रवास काठी टेकत चालणाऱ्या जखमीने प्रत्येक तारखेला का करावा? विधी सेवा प्राधिकरणाने मोलगीत ठरावीक दिवशी शिबिर घ्यावे आणि अपंगत्वाचा दाखला देणारे डॉक्टर तिथे आणावेत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मजुराच्या सुरक्षिततेची बाब मालकाच्या दयेवर न सोडता कायद्यात आली पाहिजे, ही त्यांची दिशा होती. त्याच दिशेने आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. ज्या गावात अपघात झाला असेल तिथे पहिल्याच आठवड्यात जावे. प्राथमिक माहिती अहवालाची, पंचनाम्याची, गाडीच्या नोंदणीची आणि विम्याची प्रत मिळवावी. दवाखान्याची प्रत्येक पावती एका पिशवीत ठेवायला सांगावे. जबाबात मजुराला मजूर आणि मालाच्या मालकाला मालक म्हटले आहे की नाही ते वाचून पाहावे, आणि सहा महिने संपण्याची तारीख घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून यावे. गावात तडजोडीचा कागद पुढे येण्याआधी एवढे झाले, तर पुढच्या जखमीचा हक्क काही हजारांत विकला जाणार नाही.