प्रतिकृती नौकेचा वेग आणि तोल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती नौका पाण्यात संथ वाटू लागली किंवा वळताना धोकादायकपणे कलू लागली, की मोठी मोटर बसवणे आणि तळाशी शिसे भरणे हे दोन उपाय सर्वांत आधी सुचतात. या उपायांनी बॅटरी लवकर संपते आणि नौका अधिक खोल बसते, मात्र अपेक्षित सुधारणा क्वचितच होते. कारण नौकेची लांबी शंभर पटीने घटवली तरी तिचे वजन, तिचा वेग, तिच्या डोलण्याचा काळ आणि तिच्यावर येणारा वारा यांपैकी काहीही त्याच पटीने घटत नाही. प्रत्येक राशीचे प्रमाण वेगळे असते आणि बहुतेक गैरसमज हे वेगळेपण लक्षात न घेतल्याने निर्माण होतात.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १९७२ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली आयएनएस निलगिरी ही युद्धनौका उदाहरण म्हणून घेता येईल. तिची लांबी ११३ मीटर, रुंदी सुमारे १३ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे ३,००० टन आणि कमाल वेग सुमारे २८ नॉट, म्हणजे ताशी ५२ किलोमीटर होता. तिची १:१०० प्रमाणातील प्रतिकृती १.१३ मीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद होईल. परंतु आकारमान लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांनी घटत असल्यामुळे वजन दहा लाख पटीने कमी होऊन अवघे ३ किलोग्रॅम भरेल.

गैरसमज १ : नौका शंभर पटीने लहान असेल, तर तिचा वेगही शंभर पटीने कमी असावा.

वस्तुस्थिती : या हिशोबाने निलगिरीची प्रतिकृती ताशी अर्धा किलोमीटर, म्हणजे मुंगीच्या पावलांनी चालावी लागेल आणि तिच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापाशी, लाट उठणारच नाही. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६७ मध्ये डार्ट नदीत 'स्वान' आणि 'रेव्हन' या दोन घडणींच्या लहान-मोठ्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि १८७२ मध्ये टॉर्की येथे खास प्रयोगकुंड उभारून पुढील मोजमापे केली. त्यातून सिद्ध झालेला नियम असा, की मूळ नौका आणि प्रतिकृती यांच्या लाटांची रचना सारखी दिसण्यासाठी वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावा लागतो. १०० चे वर्गमूळ १० असल्याने निलगिरीच्या प्रतिकृतीचा योग्य कमाल वेग ताशी ५.२ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या भराभर चालण्याइतका ठरतो. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृतींवर होणारे प्रयोगही याच नियमावर आधारलेले असतात.

गैरसमज २ : मोटर जितकी शक्तिशाली, तितका वेग जास्त.

वस्तुस्थिती : पाणी बाजूला सारत जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिची जलरेषेवरील लांबी, म्हणजे पाण्याच्या पातळीवर मोजलेली लांबी, लगाम घालते. नौका जितकी वेगाने जाते तितकी तिने उठवलेली लाट लांब होत जाते आणि त्या लाटेची लांबी नौकेच्या लांबीइतकी झाली, की नाळ एका शिखरावर, मागचे टोक दुसऱ्या शिखरावर आणि मधला भाग खळग्यात अशी स्थिती येते. त्यापुढे वेग वाढवायचा तर नौकेला स्वतःच्याच लाटेवर चढ चढावा लागतो. ही मर्यादा सेकंदाला मीटरमध्ये सुमारे १.२५ गुणिले लांबीचे वर्गमूळ इतकी असते, त्यामुळे १.१ मीटर जलरेषेच्या प्रतिकृतीसाठी ती ताशी ४.७ किलोमीटरच्या आसपास येते. निलगिरीचा प्रमाणबद्ध कमाल वेग या मर्यादेच्या थोडा वरचाच असल्यामुळे तिच्या प्रतिकृतीत दुप्पट शक्तीची मोटर घातली, तरी मागचा भाग पाण्यात रुतणे, नाळ उचलली जाणे आणि लाट मोठी होणे यांतच बरीचशी शक्ती खर्ची पडते.

पाण्यावर सरपटत जाणाऱ्या शर्यतीच्या नौकेचे गणित मात्र निराळे असते, कारण तिचा सपाट किंवा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा तळ आणि मागची धारदार कड पाण्याला खाली दाबून तिला वर उचलतात. अशा नौकेत वजन कमी करणे आणि गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश लांबीवर आणणे हे बदल मोटर बदलण्यापेक्षा अधिक फळ देतात. गोलसर तळाच्या युद्धनौकेत मात्र तीच मोटर बसवली तरी ती सरपटू लागत नाही, कारण मागे वर वळत जाणारा गोल तळ वेगात पाण्याकडे खेचला जातो.

गैरसमज ३ : मोठा पंखा आणि जास्त व्होल्टची बॅटरी हा वेग वाढवण्याचा सोपा मार्ग आहे.

वस्तुस्थिती : नौकेचा पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून फेऱ्या तेवढ्याच ठेवून व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढवला, तर शक्ती सुमारे ६१ टक्क्यांनी अधिक लागते. ७.४ व्होल्टच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीऐवजी ११.१ व्होल्टची बॅटरी जोडल्याने मोटरच्या फेऱ्या दीडपट झाल्या, तर शक्तीची गरज जवळजवळ साडेतीनपट होते. ती गरज मोटर आणि वेगनियंत्रक, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यानुसार मोटरला वीज पुरवणारा घटक, यांच्या क्षमतेपलीकडे गेली, तर तारा तापतात आणि नियंत्रक जळतो. त्यामुळे पंखा बदलल्यावर वीजप्रवाह ॲम्पिअरमध्ये मोजणे हे सुधारणेचे अविभाज्य अंग मानले पाहिजे, आणि ते मोजमाप नौका पाण्यात बांधून ठेवूनच करावे, कारण हवेत मोकळ्या फिरणाऱ्या पंख्यावर भारच नसतो.

शिवाय फार वेगाने फिरणारा पंखा पृष्ठभागावरील हवा खाली ओढतो आणि मग पाण्याऐवजी हवामिश्रित फेस घुसळत राहतो. पूर्ण आकाराच्या नौकेत याला समांतर असे संकट चार्ल्स पार्सन्स यांच्या १८९४ मधील 'टर्बिनिया' या नौकेवर ओढवले होते. तेथे कमी दाबामुळे पंख्याभोवती पाण्याच्याच वाफेच्या पोकळ्या तयार होत होत्या. एका आसाच्या जागी तीन आस आणि त्यांवर मिळून नऊ पंखे अशी रचना केल्यानंतर या नौकेने १८९७ मध्ये ३४ नॉटच्या आसपास वेग गाठला. पंख्याला पेलणार नाही अशी शक्ती वाया जाते, हा त्या प्रयोगाचा धडा प्रतिकृतीलाही लागू पडतो. मोठ्या एकट्या पंख्याचा आणखी एक दोष असा, की त्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया नौकेला विरुद्ध बाजूस कलवते. निलगिरीला मुळातच दोन पंखे होते, आणि प्रतिकृतीत ते परस्परविरुद्ध दिशांना फिरवले तर हा कल आपोआप रद्द होतो.

गैरसमज ४ : तळाशी जितके जास्त शिसे, तितकी नौका स्थिर.

वस्तुस्थिती : स्थैर्य वजनावर नव्हे, तर वजनाच्या उंचीवर आणि नौकेच्या रुंदीवर अवलंबून असते. नौका थोडी कलली की पाण्याचे प्लावक बल बाजूला सरकते, आणि त्या बलाची ऊर्ध्व रेषा नौकेच्या मध्यरेषेला जेथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली जितका असेल तितक्या जोराने नौका सरळ होते. प्रतिकृतीत हे अंतर १ सेंटिमीटर आहे असे मानले आणि ३०० ग्रॅमची बॅटरी डेकजवळून काढून ३ सेंटिमीटर खाली बसवली, तर ३ किलोग्रॅमच्या नौकेचा गुरुत्वमध्य ३ मिलिमीटरने उतरतो आणि एक ग्रॅमही न वाढवता स्थैर्य ३० टक्क्यांनी वाढते. वरची बांधणी, डोलकाठी आणि तोफा पातळ, हलक्या साहित्याने घडवण्याचा लाभ याच कारणाने मोठा असतो.

उलट अतिरिक्त शिशामुळे नौका खोल बसते आणि जलरेषेपासून डेकच्या कडेपर्यंतची कोरडी उंची कमी होते. ही उंची अपुरी असेल, तर कललेल्या नौकेची डेकची कड लवकर बुडते आणि तिथून पुढे सरळ करणारे बल झपाट्याने ओसरते. सप्टेंबर १८७० मध्ये केप फिनिस्टेरजवळ वादळात उलटलेली ब्रिटिश युद्धनौका 'कॅप्टन' आराखड्यापेक्षा जड बांधली गेल्यामुळे अधिक खोल बसली होती, आणि त्या दुर्घटनेत साडेचारशेहून अधिक माणसांचे प्राण गेले.

तरीही मूळ नौकेच्या प्रमाणातले स्थैर्य प्रतिकृतीला पुरत नाही, कारण तळ्यावरचा वारा कोणी लहान करत नाही. वेगाच्या नियमानुसार १:१०० प्रतिकृतीवर येणारा ताशी १५ किलोमीटरचा वारा मूळ नौकेवरील ताशी १५० किलोमीटरच्या वादळासारखा असतो. म्हणून गुरुत्वमध्य प्रमाणापेक्षा थोडा खाली ठेवणे योग्य ठरते; मात्र तो फारच खाली गेला तर नौका झटक्याने डोलते आणि खेळण्यासारखी दिसते. डोलण्याचा काळ हा याचा उत्तम मापक आहे. १३ सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर अंतर असलेल्या नौकेचा एक पूर्ण हेलकावा साधारण एका सेकंदाचा असतो, त्यामुळे टबमध्ये दहा हेलकावे मोजून स्थैर्याचा विश्वसनीय अंदाज बांधता येतो.

गैरसमज ५ : आत शिरलेले थोडेसे पाणी तळाशीच राहते, म्हणून ते नौकेला आधारच देते.

वस्तुस्थिती : मोकळे पाणी नौका कलेल त्या बाजूला धावते आणि कल वाढवते. आतील १२ सेंटिमीटर रुंदीवर अडथळ्याशिवाय पसरलेले पाणी वरच्या उदाहरणातले १ सेंटिमीटरचे सगळे स्थैर्य हिरावून घेऊ शकते. नौकेच्या लांबीच्या दिशेने मधोमध एक पातळ भिंत घातली, की दोन्ही कप्प्यांचा एकत्रित परिणाम मूळच्या एक चतुर्थांश उरतो. पंख्याच्या आसाच्या नळीत ग्रीस भरणे आणि डेकची झाकणे घट्ट बसवणे ही कामे म्हणूनच स्थैर्याच्या सुधारणेत मोडतात.

गैरसमज ६ : जायरो बसवला की नौका उलटत नाही.

वस्तुस्थिती : सुकाणूला जोडलेला जायरो नौकेच्या दिशेतील बदल ओळखतो आणि सुकाणू हलवून तिला मार्गावर ठेवतो, गुरुत्वमध्य किंवा रुंदी यांपैकी काहीही तो बदलत नाही. वर जड असलेली नौका जायरोसह सरळ रेषेत जाईल आणि पहिल्याच तीव्र वळणावर आडवी होईल. तळाच्या दोन्ही कडांना बसवलेल्या अरुंद पट्ट्या मात्र डोलणे खरोखर कमी करतात. त्यांची उपयुक्तताही फ्रूड यांनीच एकोणिसाव्या शतकात नौकांवरील प्रयोगांतून दाखवून दिली होती.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेत नौका-प्रतिकृती बांधणी हा प्रशिक्षणाचा आणि स्पर्धेचा विषय असल्याने या तत्त्वांचा उपयोग छंदापुरता मर्यादित नाही. सुधारणेचा क्रम योग्य असेल तर त्यातील बरेच काम विनाखर्च होते. आधी नौका वजन करून मूळ जलरेषेवर बसते का ते पाहावे, मग जड वस्तू खाली आणि मध्यावर आणून हेलकावे मोजावेत, गळती थांबवावी, त्यानंतर वीजप्रवाह मोजत पंखा निवडावा आणि एवढे करूनही प्रमाणबद्ध वेग मिळत नसेल, तरच मोटरचा विचार करावा. प्रत्येक पायरीवर एकच बदल केला, तर कोणत्या बदलाने काय साधले हे कळते, आणि फ्रूड यांनी नदीत प्रतिकृती ओढताना अवलंबलेली शिस्तही हीच होती.