बौद्ध चित्तविचार आणि पाश्चात्त्य मानसशास्त्र

उद्दिष्टे

हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• ‘सति’ या पाली संज्ञेचा अर्थ सांगता येईल.
• मानसोपचारात या संकल्पनेचा वापर कसा झाला, हे स्पष्ट करता येईल.
• या वापराचे लाभ व मर्यादा यांची चिकित्सा करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ताणतणावावरील उपचारांच्या संदर्भात ‘माइंडफुलनेस’ हा शब्द आपण ऐकला असेल. पाली सुत्तांचे इंग्रजी भाषांतर करताना टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘सति’साठी हा शब्द योजला. ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृती’. परंतु येथे तिचा अर्थ केवळ आठवण असा नाही. शरीर, वेदना आणि चित्त यांत या क्षणी जे घडत आहे, त्याचे जागते भान म्हणजे सति. धर्मसाधनेतील ही संज्ञा रुग्णालयात पोहोचली, तेव्हा तिने काय सोबत नेले आणि काय मागे ठेवले, हे आता पाहू.

विषय-विवेचन

१. दोन बाणांचा दृष्टान्त : संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात एक दृष्टान्त येतो. अज्ञ मनुष्याला एक बाण लागतो आणि पाठोपाठ दुसराही लागतो. पहिला बाण शारीरिक वेदनेचा. दुसरा तिच्याविषयीच्या शोकाचा व संतापाचा. ज्ञानी मनुष्यालाही पहिला बाण चुकत नाही. दुसरा मात्र त्याला लागत नाही. वेदना आणि वेदनेला मनाने दिलेली प्रतिक्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातील मर्मबिंदू आहे.

२. उपचारातील उपयोजन : जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणनिवारणाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे आठ आठवड्यांचे स्वरूप पुढे रूढ झाले. जुनाट दुखण्याने त्रस्त रुग्णांना वेदनेचे केवळ निरीक्षण करण्यास तेथे शिकवले जाई. धार्मिक परिभाषा हेतुपुरस्सर टाळलेली होती. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी या पद्धतीची बोधात्मक उपचारपद्धतीशी सांगड घातली. ‘मी निरुपयोगी आहे’ हा विचार वस्तुस्थिती नसून मनात उमटलेली एक घटना आहे, असे पाहण्यास रुग्ण शिकतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांपैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ६६ टक्के रुग्णांना ते पुन्हा आले. या पद्धतीची जोड मिळालेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. दोनच वेळा नैराश्य आलेल्यांना मात्र असा लाभ दिसला नाही. साधना कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला नाही, हे तपासण्याची शिस्त ही मानसशास्त्राची देणगी होय.

३. मागे राहिलेले शील : अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती हे आठांपैकी एक अंग आहे. मूळच्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबी यांनी हार्वर्ड विद्यापीठात ज्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचे काम केले, त्याची मांडणीच शील, समाधी व प्रज्ञा अशी आहे. शील आरंभी येते, हे लक्षात घ्या. शिकाऱ्याचे अवधानही एकाग्र असते, पण त्याला सम्यक स्मृती म्हणता येत नाही. उपचारपद्धतीने अवधान स्वीकारले. शीलाचा आग्रह मात्र धरला नाही.

४. पहिला बाण कोणाचा? : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात धम्म मूलतः सामाजिक मानला आहे. माणसाने माणसावर केलेला अन्याय हे दुःखाचे कारण म्हणून तेथे पुढे येते. या दृष्टीने पाहता उपचारपद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. मजुरी बुडवल्या गेलेल्या कामगाराला ध्यानाने शांत झोप लागेल. ती त्याला हवीच आहे. परंतु त्याचा पहिला बाण शरीराच्या धर्मातून नव्हे, दुसऱ्या माणसाच्या हातून आलेला आहे. तो हात रोखण्याचे काम श्वासाच्या निरीक्षणाने होत नाही.

सारांश

मानसशास्त्राने सतिला प्रयोगाची कसोटी दिली आणि अनेक रुग्णांचे दुःख हलके केले. मात्र दुःख केवळ मनात असते, असा निष्कर्ष त्यातून काढणे बौद्ध विचाराला धरून होणार नाही. चित्ताची शुद्धी आणि माणसामाणसांतील न्याय्य व्यवहार या दोहोंचा विचार एकत्र करावा लागतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दोन बाणांच्या दृष्टान्ताचा मानसोपचाराशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. ‘शीलाविना सति अपुरी आहे.’ या विधानाची चर्चा करा.