रक्ताचा आजार, मग हाडं का दुखतात?

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. आदिवासी बांधवांप्रमाणे बौद्ध समाजातही हा आजार आढळतो. विहारात आरोग्यावर बोलायला बसलो की आम्हाला हमखास विचारतात, आजार रक्ताचा, मग पोराची हाडं का दुखतात? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पेशीपर्यंत खाली उतरावे लागते.

सारख्या कामाच्या पेशी मिळून ऊती होते, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था आणि या सगळ्यांचे मिळून शरीर. शाळेत आपण हे पाठ केले आणि विसरलो. रक्त हीसुद्धा ऊतीच, फक्त वाहती.

रक्तातली तांबडी पेशी इतकी लहान, की सव्वाशे-दीडशे पेशी ओळीने ठेवाव्यात तेव्हा एक मिलिमीटर भरतो. तिला केंद्रक नसते. सगळी जागा प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला दिलेली. अंग लवचीक, त्यामुळे स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती दबून, वाकून पार होते. सुमारे 120 दिवस हे काम चालते.

सिकलसेलमध्ये बिघाड असतो तो पेशीच्याही खाली. हिमोग्लोबिनमधल्या एका साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यातले सहावे बदललेले असते. एवढेच! पण प्राणवायू सोडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या कांड्या बनतात, पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक वाहिनीत अडकतात. पुढच्या ऊतीला प्राणवायू मिळत नाही. हाडाच्या आतल्या भागात असे झाले की असह्य कळा येतात. याला ‘वात’ समजून तेल चोळत बसणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

पाणथरीत या पेशी अडकून लहानपणी ती सुजते, पुढे आकसून निकामी होते आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते. वाकडी पेशी जगतेही जेमतेम 10 ते 20 दिवस. नव्या पेशी तेवढ्या वेगाने तयार होत नाहीत, म्हणून रक्त कमी; आणि पेशी लवकर फुटतात, म्हणून डोळे पिवळे.

आता घरातली गोष्ट. सदोष जनुक आई किंवा वडील, एकाकडूनच आले तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आले तर ‘एसएस’, म्हणजे आजारी. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. आणि दोष एकट्या सुनेच्या माथी मारणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, की दुसरे जनुक तुमच्या मुलाकडूनच आले आहे.

आपण पत्रिका बघणे सोडले. सोयरीक जुळवताना रक्ताचा कागद मात्र बघायलाच हवा. वाहक असणे हा कलंक नाही. तो कागद लपवला तर भोगावे लागते लेकराला. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. वाहक की आजारी, ते या दुसऱ्या तपासणीत कळते.

घरात ‘एसएस’ मूल असेल तर त्याला भरपूर पाणी पाजावे, थंडीपासून जपावे. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. ताप आला, धाप लागली, छातीत दुखले किंवा पोटात डावीकडे फुगवटा दिसला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.