फीच्या खिडकीपाशी

दुबईतल्या एका शाळेत फीच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं बसलो. एकदा माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून एक गृहस्थ मराठीत बोलले, "साहेब, पुढच्या तारखेचा चेक चालेल का?" मूळचे चिपळूणचे, दोन मुलं आमच्याच शाळेत. कंपनीनं नवा करार करताना मुलांच्या शिक्षणाचा भत्ता काढून टाकला होता. मी विचारलं, "फी सवलतीचा अर्ज नाही केलात?" ते म्हणाले, "असा अर्ज असतो?"

असतो. त्या वर्षीची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपली होती. सत्र संपलं आणि त्यांची पत्नी मुलांना घेऊन चिपळूणला परतली. ते स्वतः चौघांबरोबर एका खोलीत राहू लागले. गणित साधं होतं, पण घर दोन ठिकाणी झालं.

आपल्यापैकी अनेकांचं कुणी ना कुणी आज परदेशात नोकरीला आहे, किंवा जायच्या तयारीत आहे. म्हणून हा विषय.

या आंतरराष्ट्रीय शाळांची फी इतकी का असते, हे आधी समजून घेऊ. १९२४ साली जिनिव्हात अशी एक शाळा निघाली. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ती होती. पुढे देशोदेशी अशा शाळा निघाल्या. तिथं येणारी बरीच मुलं वकिलातींच्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या नोकरांची. फी बहुधा मालक भरायचा, त्यामुळे फीचा आकडाही आईबापांच्या खिशाकडे बघून ठरत नसे. संयुक्त राष्ट्रसंघात ही पद्धत अजून आहे. मायदेशाबाहेर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षण अनुदान मिळतं. २०१८ पासून ते टप्प्याटप्प्यानं मोजतात. फीच्या पहिल्या टप्प्यावर ८६ टक्के, नंतर कमी कमी होत ६१ टक्क्यांपर्यंत, आणि एका मर्यादेपुढे काहीच नाही.

खासगी नोकरीत मात्र चित्र बदललं. कितीतरी जण आता भत्त्याशिवायच्या करारावर परदेशी जातात. मालक बाजूला झाला, फीचा फलक तसाच राहिला. दुबईत आयबी अभ्यासक्रमाच्या काही शाळांत वरच्या वर्गांची फी वर्षाला एक लाख दिरहमच्या पुढे जाते. भारतीय अभ्यासक्रमाच्या बऱ्याच शाळांत ती याच्या दशांशाच्या आसपास असते. पण दोन-तीन मुलं आणि घरभाडं धरलं, तर तीही जड जाते. २००६ साली स्थापन झालेलं तिथलं शिक्षण प्राधिकरण फीवाढीला लगाम घालतं. २०२५-२६ या वर्षासाठी वाढीचा आधार म्हणून २.३५ टक्के हा दर जाहीर झाला होता. वाढ आटोक्यात राहते हे खरं, पण मूळ आकडा काही खाली येत नाही.

मग मदत कुठून मिळते? आपण सगळ्यालाच 'स्कॉलरशिप' म्हणतो आणि तिथंच घोटाळा होतो. तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली शिष्यवृत्ती. ही गुणांवर, खेळावर किंवा कलेवर मिळते. अनेक शाळा ती फक्त वरच्या वर्गांसाठी ठेवतात आणि तीही बहुधा फीच्या काही भागापुरती. दुसरी सूट. भावंडं एकाच शाळेत असतील, वर्षाची फी एकदम भरली, किंवा कंपनीचा शाळेशी करार असेल, तर ही मिळते. ही सूट शाळा आपण होऊन सांगेलच असं नाही, विचारावं लागतं. तिसरी गरजेवर आधारित फी सवलत. हिच्यासाठी पगारपत्रक, बँकेचे उतारे, घरभाड्याचा करार, कर्जाचे हप्ते असे कागद द्यावे लागतात. ती सहसा एका वर्षापुरती असते, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

या तिसऱ्या प्रकाराची मुदत एवढी लवकर का संपते? कारण त्यासाठीची रक्कम वर्ष सुरू होण्याआधी ठरते. वेळेत आलेल्या अर्जांमध्ये ती वाटून होते. मग सत्राच्या मध्यावर कुणी कितीही खरी अडचण घेऊन आला, तरी खिडकीमागच्या माणसाच्या हातात फार तर हप्ते पाडून देणं उरतं.

सवलतीचा सगळ्यात मोठा नमुना आपल्या पुण्याजवळ आहे. मुळशीचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ साली सुरू झालं. ज्या चळवळीचं ते अंग आहे, तिची कॉलेजं अनेक देशांत आहेत. शेवटच्या दोन वर्षांसाठी मुलांची निवड त्या त्या देशाची राष्ट्रीय समिती करते. मदत किती द्यायची ते कुटुंबाची ऐपत पाहून ठरतं. परदेशात वाढणाऱ्या मुलांनीही हा मार्ग ध्यानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट. दुबईत सरकारी शाळा मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आहेत, म्हणून खासगी शाळा गाठावी लागते. सगळीकडे तसं नाही. नेदरलँड्समध्ये तिथल्या सरकारी खर्चाच्या शाळेत परदेशी मुलांनाही फी पडत नाही. फक्त डच भाषा शिकावी लागते. त्याशिवाय सरकारी अनुदान असलेल्या आंतरराष्ट्रीय शाळाही तिथं आहेत. त्यांची फी पूर्ण खासगी शाळांपेक्षा बरीच कमी. मात्र पालकाची नोकरी ठरावीक मुदतीची असल्याचं मालकाचं पत्र लागतं.

तेव्हा नोकरीचं पत्र हातात आलं, की पगाराच्या आकड्याबरोबर शिक्षण भत्त्याची ओळही शोधा. नसेल तर सही करण्यापूर्वी मागा. सही झाल्यावर मागणीला वजन राहत नाही. प्रवेशाच्या दिवशीच शाळेला विचारा, फी सवलतीचा अर्ज कधी निघतो आणि मुदत कधी संपते. नोकरी डळमळीत झाली, तर थकबाकी साचण्याआधी शाळेला लेखी कळवा.

आपल्या माणसांना हे जड जातं. फी सवलत मागणं म्हणजे हात पसरणं, असं वाटतं. चिपळूणचे ते गृहस्थही खालच्या आवाजात, मागे कुणी ऐकत नाही ना हे बघून बोलत होते. मी खिडकीमागे होतो म्हणून सांगतो, आमच्याकडे अर्ज करणाऱ्यांत दोन वर्षांपूर्वी पूर्ण फी भरणारेही असायचे. त्यांनी तारीख विचारून ठेवलेली असायची, एवढाच फरक.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)