चहा गोड, साखर शून्य. पण रक्ताचे काय?

चंद्रपूर शहरातील औषधांच्या दुकानांतून साखरेला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या इवल्या डब्या आता दर्शनी भागात मांडलेल्या असतात. मिठाईच्या दुकानांतही 'शुगर फ्री' अशी पाटी असलेला एक वेगळा कप्पा दिसू लागला आहे. कोळसा खाणी, वीज केंद्र, सिमेंट आणि कागद कारखाने यांच्या पगारावर चालणाऱ्या या शहरात हे घडावे यात नवल नाही. मात्र वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांतही मधुमेहाचे निदान झालेला रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा चहातल्या साखरेचाच. साखर सोडायची, की तिच्या जागी गोळी घ्यायची? आणि ती गोळी पोटातल्या जिवाणूंचा नाश करते, असे जे हल्ली ऐकू येते, त्यात तथ्य किती?

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के असल्याचे सांगत होते. ग्रामीण भागात ते ६.५ टक्के होते. याच पाहणीचे देशव्यापी आकडे २०२३ मध्ये आले, तेव्हा मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेलेली होती आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाखांवर. गडचिरोलीपुरते बोलायचे तर डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. दर सात मृत्यूंपैकी एक मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे लोक ज्याला लकवा म्हणतात त्याने, झाल्याचे आढळले. पक्षाघाताची पहिली दोषी रक्तदाबाची व्याधी खरी. परंतु अनियंत्रित रक्तशर्करा ही तिची जवळची सोबतीण आहे.

साखरेचे पर्याय समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट वेगळी करावी लागते. गोडी निराळी आणि साखर निराळी. जिभेवर गोड चव ओळखणारी विशिष्ट ग्राहके असतात. एखाद्या रेणूचा आकार त्यांच्यात नेमका बसला, की मेंदूला 'गोड' असा निरोप जातो. तो रेणू शरीराला ऊर्जा देतो की नाही, याच्याशी त्या निरोपाचा संबंध नसतो. याची उलटी साक्ष मध्य भारतातील जंगलांत आढळणारी गुडमार ही वेल देते. तिचे पान चावल्यावर काही काळ साखर वाळूसारखी बेचव लागते, कारण पानातील द्रव्य हीच ग्राहके अडवून धरते. साखर तोंडात असते, गोडी नसते. कृत्रिम पर्यायांत गोडी असते, साखर नसते. (गुडमारचा पाला मधुमेहावर घेण्याचा प्रघात जुना आहे, तो डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही, हे येथेच सांगितलेले बरे.)

या पर्यायांचा शोध बहुतेक वेळा अपघातानेच लागला. सॅकरिन १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना सापडले ते कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांवर काम करताना. कोळशाच्या जिल्ह्यातील वाचकांना हे ठाऊक असायला हरकत नाही. सुक्रालोजची कथा तर आपल्या अधिक जवळची. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक साखरेच्या रेणूवर क्लोरिनचे प्रयोग करीत होते. एका संयुगाची 'टेस्ट' करा, म्हणजे चाचणी घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ऐकले 'टेस्ट' म्हणजे चव घ्या. इंग्रजीतील हे दोन शब्द मराठी कानाला जवळपास सारखेच वाटतात. त्यांनी ती पूड जिभेवर ठेवली आणि साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असा पदार्थ जगाला मिळाला. आज बाजारातील अनेक 'शुगर फ्री' पदार्थांत हेच सुक्रालोज असते.

आता रक्तशर्करेचा प्रश्न. सॅकरिन, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज किंवा स्टीव्हिया यांचा एक घोट घेतल्याने रक्तातील साखर साखरेसारखी उसळत नाही, हे निर्विवाद आहे. त्यांचे प्रमाणच मिलिग्रॅममध्ये असते. पण डबीवरील बारीक अक्षरे वाचली तर आणखी काही नावे दिसतात. गोळीला आकार यावा म्हणून लॅक्टोज, पुडीला वजन यावे म्हणून डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन. एका गोळीतील ही मात्रा क्षुल्लक असते; भांडेभर खिरीत पुड्यांवर पुड्या रिकाम्या केल्या तर ती तशी राहत नाही. 'शुगर फ्री' बर्फीत तर साखर नसली तरी खवा असतोच, लाडवात बेसन आणि तूप असतेच. शिवाय अशा मिठाईत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल वापरले असल्यास त्यांपासून साखरेच्या निम्म्याच्या आसपास ऊर्जा मिळते, आणि जास्त खाल्ल्यास पोट फुगते, जुलाब होतात. हा जिवाणूंचा उपद्रव नव्हे. न पचलेला गोड पदार्थ मोठ्या आतड्यात आंबतो, एवढेच.

मग चहातील साखर काढून गोळी घातल्याने मधुमेह आटोक्यात येतो काय? चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या मधुमेह संशोधन संस्थेने हे तपासून पाहिले. मधुमेहाच्या १७९ रुग्णांपैकी एका गटाने १२ आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज घेतले, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे साखर. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वजन आणि कमरेचा घेर किंचित उतरला. परंतु तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. नुकसान झाले नाही, चमत्कारही झाला नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर आपल्या ताटात आहे. चंद्रपूरचा पूर्व भाग आणि सबंध गडचिरोली हा धानाचा प्रदेश. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ती ४० ग्रॅम होते. ही काढणे निश्चितच हितावह. पण १०० ग्रॅम तांदळाच्या भातात सुमारे ७८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, आणि रक्तात पोहोचेपर्यंत त्यांची साखरच झालेली असते. दोन वेळचा भात म्हणजे दीडशे ग्रॅमहून अधिक. शेतात आणि जंगलात दिवसभर राबणाऱ्या देहाला ती ऊर्जा लागते. त्याच घरातील मुलगा दुचाकीवर फिरू लागला, दुकानात बसू लागला, तरी ताटातील भात तेवढाच राहतो. चहाच्या कपात गोळी टाकल्याने पथ्य पाळल्याचे समाधान मिळते, आणि हे समाधानच कधी कधी गोळीपेक्षा महाग पडते.

मोहफुलांचेही तसेच. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केल्यानंतर मोहाचे लाडू, सरबत यांना शहरी ग्राहक मिळू लागला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र 'नैसर्गिक आहे, मधुमेहींना चालते' हा समज खोटा आहे. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात साधारण निम्म्याहून अधिक साखरच असते. जंगलातील मधात ती सुमारे ८० टक्के. आदिवासी कुटुंबांना मोहाने उन्हाळ्याच्या टंचाईत पोसले ते त्यातील याच साखरेच्या बळावर.

आतड्यातील जिवाणूंचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि येथेच सर्वाधिक गोंधळ आहे. सर्व पर्याय एकाच वाटेने जात नाहीत. अ‍ॅस्पार्टेम लहान आतड्यातच विघटित होऊन शोषले जाते. ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वस्तीपर्यंत पोहोचतच नाही म्हटले तरी चालेल. सॅकरिन बहुतांशी रक्तात जाऊन मूत्रावाटे बाहेर पडते. सुक्रालोजचा मोठा भाग न शोषता थेट मोठ्या आतड्यात उतरतो. स्टीव्हियाचे रेणू तर जिवाणूंनी तोडल्याशिवाय शरीरात शिरतच नाहीत. तेव्हा 'कृत्रिम साखर जिवाणूंना मारते' हे विधान सरसकट करणे म्हणजे चार वेगळ्या माणसांवर एकच फिर्याद दाखल करण्यासारखे आहे.

तरीही फिर्याद निराधार नाही. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून सॅकरिनमुळे जिवाणूंची रचना बदलून रक्तशर्करा हाताळण्याची क्षमता बिघडते, असे मांडले. २०२२ मध्ये त्यांनी माणसांवर प्रयोग केला. एरवी अशा पदार्थांना न शिवणारी १२० निरोगी माणसे हवी होती. ती शोधायला तेराशेहून अधिक जणांची छाननी करावी लागली, इतके हे पदार्थ तिकडे सर्वत्र मिसळलेले. दोन आठवडे मान्य मर्यादेपेक्षा कमी मात्रा देण्यात आली. चारही पदार्थांनी जिवाणूंच्या रचनेत वा कार्यात बदल घडवले. मात्र ग्लुकोज प्यायल्यानंतरची रक्तशर्करा वाढली ती सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्या गटांत. ज्यांच्यात परिणाम सर्वाधिक दिसला त्यांचे जिवाणू, जन्मापासून जिवाणूविरहित ठेवलेल्या उंदरांत सोडल्यावर उंदरांतही तोच बिघाड उमटला. म्हणजे जिवाणू केवळ साक्षीदार नव्हते, कारण होते.

परंतु याच गटांतील काही जणांवर काहीच परिणाम झाला नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना दोन आठवडे सॅकरिनची भरपूर मात्रा देऊनही रक्तशर्करा वा जिवाणू यांत फरक आढळला नाही. ज्याच्या त्याच्या पोटात कोणते जिवाणू आधीपासून वस्तीला आहेत, यावर बरेच काही अवलंबून असावे, असा याचा अर्थ लावला जातो. आणि आपल्याकडील पोट वेगळे आहे. आसाम, मणिपूर, सिक्कीम आणि गडचिरोलीला खेटून असलेल्या तेलंगणातील १५ जमातींच्या आतड्यांतील जिवाणूंचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रीव्होटेला या कुळाचे प्राबल्य आढळले. चोथायुक्त, वनस्पतिप्रधान आहार घेणाऱ्या समाजांत हे कुळ सामान्यतः अधिक दिसते. तेव्हा इस्रायली स्वयंसेवकांवरील निष्कर्ष कोरचीच्या किंवा एटापल्लीच्या माणसाला जसेच्या तसे लावणे शास्त्राला धरून नाही. तरोट्याची भाजी, वास्ते, लाखोळीची डाळ, कोदो-कुटकी यांतील चोथा हे या जिवाणूंचे खरे अन्न. ते ताटातून हद्दपार होऊन पॉलिशचा तांदूळ आणि मैद्याची बिस्किटे आली, तर जिवाणूंचे होणारे नुकसान चहातील गोळीने होऊ शकणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असेल, असे मानायला जागा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशीचाही विपर्यास झाला. वजन घटवण्यासाठी किंवा आजार टाळण्यासाठी साखरविरहित गोड पदार्थांचा आधार घेऊ नये, असे संघटनेने म्हटले. पण ही शिफारस सशर्त होती आणि आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नव्हती. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅस्पार्टेमला 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' या गटात टाकले गेले, तेव्हा दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा मात्र कायम ठेवण्यात आली. फिनाइलकीटोन्युरिया या दुर्मीळ जन्मजात विकाराच्या रुग्णांनी अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवे. वेष्टनावर तशी सूचना असते.

उरतो तो या दोन जिल्ह्यांपुरता एक मुद्दा, जो मुंबई-पुण्याच्या लेखांत क्वचितच येतो. साखर बंद करून, गोळी घेऊन, भात कमी करून फरक पडला की नाही, हे कळणार कशावरून? बहुतेक डॉक्टर एचबीए१सी पाहतात. ही चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि पेशी सुमारे चार महिने जगते, असे गृहीत धरते. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलग्रस्ताच्या पेशी त्याआधीच नष्ट होतात. त्यामुळे साखर चिकटायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. स्वतःला कोणताही त्रास नसलेल्या वाहकांतही हा आकडा काहीसा कमी येतो, असे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या २०१७ मधील अभ्यासात दिसले. साखर वाढलेली, कागदावर मात्र सारे ठीक, अशी स्थिती त्यातून उद्भवू शकते. अशा रुग्णाने उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी केलेल्या साध्या रक्तशर्करा तपासणीवर, गरज पडल्यास फ्रुक्टोसामिन चाचणीवर विसंबणे इष्ट. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीनंतर कार्ड दिले जाते. मधुमेहाच्या तपासणीला जाताना ते खिशात असावे आणि रक्त देण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवावे.