लाल दरवाजा फोटोत सपाट का होतो?
जुन्या अमेरिकन पिकअप ट्रकच्या लाल दरवाजावर डोळ्यांना बरंच काही दिसतं: हँडलखालचे ओरखडे, कडेचा उडालेला रंग, हाताने रंगवलेली दुकानाची पुसट अक्षरं. फोटोत मात्र बरेचदा नुसता लाल डाग उरतो. दोष बहुधा प्रकाश मोजण्यात असतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली पेटंट मिळालेल्या, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असलेल्या फिल्टरच्या जाळीत निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. गडद लाल रंग हिरवा-निळा प्रकाश बहुतांशी शोषून घेतो, त्यामुळे सगळा भार लाल बिंदूंवर येतो. सरासरी उजेड बेताचा वाटतो, तेव्हा लाल बिंदू काठोकाठ भरलेले असू शकतात. मग पोचा आणि सपाट पत्रा यांची नोंद सारखीच होते. म्हणून लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर थोडं उतरवावं.

संगणकावर नंतर सुधारता येईल की, असं कुणी म्हणेल. रॉ फाइलमध्ये थोडी सवलत मिळते हे खरं, पण जे टिपलंच गेलं नाही ते परत आणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एक्स्पोजर उतरवलं तरी चकाकी राहतेच. ती रंगाच्या थरावरून परतलेली आकाशाची झाक असते. लंबापासून साधारण ५६ अंशांवर ती बरीच ध्रुवित होते, म्हणून पोलरायझर फिरवला की विरते आणि खालचा लाल उघडा पडतो. क्रोमच्या हँडलवर ही मात्रा फारशी चालत नाही, कारण धातूवरचं परावर्तन तितकं ध्रुवित नसतं. उन्हाने भुरकट झालेला रंग तर प्रकाश चहूकडे विखुरतो. तो भुरकटपणा संपादनात लाल करून टाकू नये; अतिनील किरणांनी रंगाचा थर झिजवल्याचा तो खरा पुरावा आहे.